दुसऱ्या एकादशीचा ट्रे

गिरगाव, रविवार, २४ एप्रिल १९६०

सन्माननीय अध्यक्ष श्री. मनमोहन कीर्तिकर साहेब, व्यासपीठावर बसलेले कंपनीचे इतर अधिकारी, आजचे सत्कारमूर्ती श्री. कुशाबा धुरी, त्यांच्या पत्नी सौ. जाईबाई, स्वयंपाकघरातली आणि यादी-विभागातली सर्व मंडळी, आणि केवळ स्नेहापोटी आलेल्या बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच माफी मागतो. गेली दीड वर्षं मी एका बाबतीत गप्प बसलो आहे. एवढं मौन पाळून माणूस एकदम निरोपाच्या सभेत बोलायला उभा राहतो, तेव्हा ऐकणाऱ्यांनी थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

कुशाबांची ओळख इथे कुणाला करून द्यावी असं नाही. पण पाहुण्यांपैकी काहींना वाटत असेल, विमान कंपनीत स्वयंपाकी करतो तरी काय? वर आकाशात चूल थोडीच पेटते? खरं आहे. चूल इथेच पेटते, सांताक्रूझला. मुंबईहून लंडनला जायला बावीस तास, मधले थांबे धरून. त्या बावीस तासांत टूरिस्ट वर्गातला माणूस, म्हणजे ज्याला आता इकॉनॉमी वर्ग म्हणू लागलेत तिथला माणूस, पुढच्या खुर्चीच्या पाठीला गुडघे टेकवून बसलेला असतो. पाय सुजतात. शेजारी झोपला तर त्याचं डोकं आपल्या खांद्यावर. अशा वेळी त्याच्या मांडीवर जो ट्रे येतो, तेवढाच त्याचा सण. तो ट्रे अकरा वर्षं कुशाबांनी भरला.

त्यांनी तो कसा भरला हे सांगायला हवं. नवीन मेनू ठरवायचा होता तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दोन लाकडी खुर्च्या विमानातल्या मापाने एकामागे एक मांडल्या, दोन्ही अंगांना पिठाची पिंपं लावली आणि मला मधे बसवलं. म्हणाले, "आता जेवा, साहेब. कोपर पिंपाक लागता नये." मी कटलेट सुरीने कापायला गेलो आणि दोन्ही कोपरांना पीठ लागलं. ते शांतपणे म्हणाले, "डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत पंगत बसता, तवा याच्याहून जास्त जागा गावता." त्या दिवसापासून टूरिस्ट वर्गात कापून खायचा पदार्थ गेला. वर गेल्यावर जिभेची चव मंदावते म्हणून मीठ आणि आंबट चिमूटभर वाढवायचं, हेही त्यांचंच. गंमत अशी, की हा माणूस स्वतः आजवर एकदाही विमानात बसलेला नाही. परत आलेले उष्टे ट्रे बघून तो शिकला. कुणी काय टाकलं, कुणी पाव खिशात घातला असावा, कुणी झाकणच उघडलं नाही.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो.

अठ्ठावन्न साली बकुळाबाई नावाच्या एक वयस्क बाई मुलाकडे लंडनला निघाल्या. पहिलाच विमानप्रवास. तिकीट काढताना मुलाने लिहून दिलं होतं, त्या दिवशी आईचा एकादशीचा उपास आहे, तिला उपासाचं द्यावं. प्रवाशांच्या जेवणाची यादी मी करतो. त्यांच्या नावापुढे 'उपास' असं लिहिलेलं होतं. विमान सुटायच्या आदल्या दिवशी कुशाबा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "साहेब, उद्या भागवत एकादस. त्या बाईंसाठी रताळी उकडून ठेवू?"

आमच्या घरात एकादशी त्या आदल्या दिवशीच होती. सौभाग्यवतींनी सकाळी वरीचे तांदूळ केलेले मी पाहून निघालो होतो. पंचांगात कधीकधी लागोपाठ दोन दिवस एकादशी येते, आदली स्मार्तांची, दुसरी भागवतांची, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लहानपणापासून होतं. भिंतीवरचं कॅलेंडर चार हातांवर होतं. पण मी मान वळवली नाही. कॉलेजात शिकलेल्या माणसाला स्वयंपाक्याने तिथी सांगावी, हे मला रुचलं नसावं. मी म्हणालो, एकादशी आज आहे, कुशाबा, उद्या बाई पारणं फेडतील. आणि पेन्सिलीने 'उपास' खोडून मी 'शाकाहारी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बकुळाबाईंच्या मांडीवर वाटाणे, पाव आणि पुडिंग आलं. त्यांची जागा मधली. दोन्हीकडची माणसं जेवत होती, उठायला वाट नव्हती. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. पुढच्या जेवणालाही तेच. बावीस तासांत दोन पेले दूध. मुलाने कंपनीला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं, आईचे पाय सुजले त्याबद्दल तक्रार नाही, या तिकिटात जागा एवढीच मिळते हे माहीत होतं. पण मागितलेलं साधं रताळं मिळू नये?

चौकशी झाली. अधीक्षकांनी मला विचारलं, यादी स्वयंपाकघराकडे वेळेवर गेली होती का? मी म्हणालो, गेली होती. या उत्तरात एक अक्षर खोटं नाही. दीड वर्षं मी त्याच एका गोष्टीचा आधार घेत आलो. खोडलेल्या शब्दाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ठपका आला तो स्वयंपाकघराच्या हयगयीवर. कुशाबांना लेखी ताकीद मिळाली, आणि दोन महिन्यांनी मुख्य स्वयंपाक्याची जागा निघाली ती दुसऱ्याला गेली.

कुशाबा, हाताने मला थांबवू नका. बसा, मला संपवू द्या. जाईबाई म्हणतायत, "बोलांदेत त्यांका." मी त्यांचा आभारी आहे.

मी रोज डायरी लिहिणारा माणूस. भाजीत मीठ कमी पडलं तर तेही लिहितो. त्या चौकशीच्या दिवसाचं पान काल काढून पाहिलं. कोरं आहे. मी विसरलो होतो असं म्हणण्याची सोयही मी ठेवलेली नाही, कारण आदल्या आणि पुढच्या पानांवर मजकूर भरपूर आहे.

एकदा, डबा खाताना, मी त्यांना विचारलं की तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही. मला वाटलं होतं, ते काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि माझी सुटका होईल. ते म्हणाले, "साहेब, तुमी एक शब्द बोललात नाय. मगे माझ्या शब्दाक कोण इचारता?" आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. ती मी खाल्ली. त्याचीही मला लाज वाटते.

त्यानंतर पंचांगात दोन एकादश्या आल्या की दोन्ही दिवशी टूरिस्ट वर्गात दोन ट्रे जादा जाऊ लागले. कुशाबांकडून, कुणी न सांगता. साबुदाण्याची खिचडी वर थंड होऊन छऱ्यांसारखी होते, म्हणून खिचडी नाही. रताळ्याच्या काचऱ्या, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. ते ट्रे यादीत नसतात. दुसऱ्या एकादशीचे ट्रे कुणाच्या चुकीतून सुरू झाले, हे आज तुम्हाला कळलं.

हे सगळं आजच का? परळच्या एका शाळेचं कँटीन कुशाबांना मिळण्याचं घाटतंय. शाळेने सेवेचं प्रमाणपत्र मागितलंय. काल ते टंकून झालं, मी वाचलं. अकरा वर्षांच्या चांगल्या कामाबद्दल चार ओळी आहेत, आणि पाचवी ओळ अशी, की प्रवाशाच्या आहारात हयगय केल्याबद्दल एकदा ताकीद. मुलांच्या खाण्याची जबाबदारी देणारे लोक कोणती ओळ आधी वाचतील?

अध्यक्षमहाराज, आपण थोड्याच वेळात तो कागद शालीबरोबर त्यांच्या हाती देणार आहात. माझी विनंती आहे, आज फक्त शाल द्यावी. कागद पाचव्या ओळीशिवाय पुन्हा टंकून मग द्यावा. ताकीद कुणाच्या तरी नावावर राहायला हवी असेल, तर ते माझं नाव, अच्युत मानकर, असं लिहावं. आपण मान हलवलीत, ती होकाराची की नुसती ऐकल्याची, हे मला इथून कळत नाही. म्हणून मी केवळ बोलून थांबणार नाही.

पुढच्या रविवारी आपलं राज्य होतंय. या सभागृहाची कमिटी तोरणांसाठी खोळंबली आहे, तेव्हा आटोपतं घेतो. कुशाबा, जाईबाई, तुम्ही आलात, माझं ऐकून घेतलंत, हे मी विसरणार नाही. आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, ती मी ओलांडली. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. कामातली चूक मात्र कुणी पोटात घालू नये. ती नोंदवून घ्यावी.

उद्याच्या पानावर मी एकच काम लिहिलंय. सोमवार, सकाळी दहा: यादीतला 'उपास' हा शब्द मी खोडला, असं सही करून अधीक्षकांच्या टेबलावर ठेवणे.