मामाची मोटर एवढं पेते काऊन?

...पन मी म्हनतो, बद्रुद्दीन चाचाले हाव म्हनाची गरजच काय होती! वामनराव त काय, देऊळघाटच्या हॉटेलात बसून दुसऱ्याच्या चहात माशी शोधनारा मानूस. त्यानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या अन् म्हने, "मिस्त्री, तुमची दुरुस्ती एवढी पक्की आहे नं? मंग टाका उत्तमरावच्या मोटरीत सगळ्यायसमोर एक डबा पेट्रोल, अन् उद्या चिखलीहून वापस आनून दाखवा! मधात बंद पडली त जनमभर पान्ह्याले हात लावाचा नाही! आहे हिंमत?" अन् चाचा... तुम्हाले सांगतो, साठीचा मानूस, शांत, कोनाले कधी मोठ्यानं बोलला नाही... तो चाचा म्हने, "आहे!"

झालं! अन् साऱ्या हॉटेलानं पाह्यलं कोनाकडं? माह्याकडं! मी पंजाब, उत्तमरावचा भाचा. चौथीत दोनदा बसलो अन् पुढं उठलोच नाही, म्हनून मायनं मामाकडं धाडला. मागं मोटरीच्या हॉर्नच्या फुग्यात मी सरकी भरली होती. मामानं फुगा दाबला का फुर्रकन सरकी वामनरावच्या टोपीवर! ते मान्य. पन हे मोटरीतून पेट्रोल चोराचं? मी काहीच केलं नव्हतं, मायची आन!

गोष्ट अशी, का मामाची मोटर पहिले लय खडखड करे. टिनाच्या पेटीत खिळे घेऊन कोनी पळून राह्यलं असा आवाज! बुलढाण्यात बद्रुद्दीन चाचाचं वर्कशॉप; डिप्टी कमिशनर साहेबाची मोटर बी तोच खोले. मामा अन् चाचा लहानपनी एकाच म्हशीवर बसून नदीत गेलेले. चाचानं मोटर खोलली, धुतली, तेल बदललं, अन् मंग काय आवाज! मांजर मांडीवर घुरघुरते नं, तसा! मामा खुश... पन थोड्याच दिसात बोंब! पहिले एका डब्यात चिखली होऊन येत होती, आता वापसीत बुलढाणा गाठता गाठता आचके द्याले लागली. दुरुस्ती केली अन् खादाड झाली? असं कुठं असते काय?

चाचा येऊन येऊन थकला. चाकायत हवा पाह्यली, बरोबर. ब्रेक घासते काय म्हनून चाक उचललं, बोटानं फिरवलं, भिंगरीसारखं फिरे. कारबोरेटर खोलला, साफ. प्लग काढला त काळाकुट्ट! "उत्तम, रस्त्यावर पळनाऱ्या गाडीच्या प्लगवर एवढी काजळी? या खुदा, मेरी समझमें नहीं आता!" पुसला, लावला, पुढच्या खेपी पुन्हा काळा. अन् मामा... मामा जनमभर त्याले 'बद्रू' म्हने. आता 'मिस्त्री' म्हनाले लागला. "मिस्त्री, तुम्हाले जमत नसन त सांगा, मी अकोल्याले नेतो." चाचा नुसते हात पुसत राह्यला. हात त केव्हाचे साफ झाले होते!

मामा काय गप बसला होता असं नाही. रोज दुपारी छपरीत जाये अन् मोटर चालू करून बसे. मामी, म्हनजे आमची अन्नपूर्णामामी, घरातून ओरडे, "अहो, काय करून राह्यले उन्हात?" "खराबी आयकून राह्यलो! कोनी इकडं येऊ नका!" आमी कशाले जातो! घरात तेवढ्यातच झोप भेटे. मामाची पोरगी कोकिळाताई बाळंतपनाले आलेली, अन् तिचं लेकरू... बाप रे, काय गळा! आमच्या हॉर्नची काय बिशाद!

तं पैजेचं पेट्रोल सगळ्यायसमोर टाकलं. वामनरावनं टाकीच्या झाकनावर लाख ओतून शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर निघाचं ठरलं, अन् तोवर मले मामीनं कोठीत कोंडलं, बाहेरून कडी! मी आत ज्वारीच्या पोत्यावर, बाहेर मोटरीची घुरघुर चालू, बंद, चालू... मले कशी गाढ झोप लागली! आता सांगा, कोठीतला मानूस काय करनार? मी काहीच केलं नव्हतं, मायची आन!

निघालो. मामा चालवून राह्यला, बाजूले चाचा, मागं वामनराव, अन् मी बाहेर पायरीवर, नजरेसमोर असावा म्हनून. जाताना झकास! अन् वापस येताना बुलढाण्याच्या अलीकडं मोटरीनं एक उचकी दिली... दुसरी दिली... अन् चूप. टाकी कोरडी. शिक्का जसाच्या तसा.

वामनराव खो खो हासला. चाचा उतरला. कापडात गुंडाळलेले पान्हे काढले, मामाच्या हातात ठेवले. "घे उत्तमराव. जबान दिली होती." मी पहिल्यांदाच खाली पाह्यलं. मामा पान्हे धरून उभा. रस्त्याकडं पाह्ये, आभाळाकडं पाह्ये. मंग हळूच...

"बद्रू... उभी मोटर बी पेट्रोल पेते का बे?"

"क्या?"

"म्हनजे चाकं फिरत नसन, अन् इंजिन चालू असन, त?"

"अबे उत्तम्या! बैल उभा असला त कडबा नाही खात का?"

मामा मटकन पायरीवर बसला, माह्याच बाजूले. म्हने, "मंग मीच पाजलं रे सारं. कोकिळेची पोरगी दुसरीकडं झोपतच नाही. पहिले मोटरीच्या खडखडीनं दचके. तू दुरुस्त केली, अन् त्या आवाजात माह्या मांडीवर झोपाले लागली. दुपारी कोकिळेचा डोळा लागला का गुपचूप छपरीत नेत होतो, अन् ती उठाच्या आत पाळन्यात ठेवत होतो. आज पोट दुखे तिचं, तीनदा चालू केली... कोकिळा लहान होती तवा आबा ओसरीवर बसेत. बापासमोर आपल्याच लेकराले मांडीवर कसं घेतो? एकदा बी नाही घेतली तिले, बद्रू. आता आबा नाहीत, पन लाज गेली नाही. म्हनून कोनाले सांगतलं नाही. मले वाटलं, जाग्यावरच त उभी आहे, पेट्रोल कशाले लागते!"

चाचानं मामाच्या हातातले पान्हे हळूच काढून घेतले. "सोती है ना बच्ची? चांगली झोपते?" "हाव." "मंग दुरुस्ती पक्की होती."

वामनराव खाकरला. म्हने, "पैज चालत्या गाडीची होती. उभ्यानं पेलेलं आपन धरत नाही." अन् टोपी सरकवून मोटर ढकलाले लागला! पुढं एकाची बैलजोडी भेटली म्हनून बरं.

घरी आलो त लेकरू रडून लालबुंद! मामा सवयीनं छपरीकडं पळाला, पन टाकीत काय आहे? तवा चाचा पाळन्यावर वाकला, डोळे मिटले, अन् तोंडानं... घुर्र्र्र्... तुम्हाले सांगतो, हुबेहूब! दुरुस्तीनंतरचं इंजिन! पोरगी झोपली. कोकिळाताईनं पदर डोळ्याले लावला. अन् मामानं साऱ्या घरासमोर नात उचलून मांडीवर घेतली.

पन चाचा त गेला बुलढाण्याले. मामाले दम लागते. वामनरावले दात नाहीत, हवा जाते. मंग रोज दुपारी पाळन्यापाशी कोन? घुर्र्र्र्... घुर्र्र्र्... ओठ पाहा माहे, फाटले! अन् जरा श्वास घ्याले थांबलो, का ओसरीवरून मामा वरडते, "पंजाब्या! बंद काऊन पडली बे?"

...अन् मी काहीच केलं नव्हतं, मायची आन!