लाकडी पेटीतले साप

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी गावच्या दवाखान्यात नेलं होतं. शेजारच्या खाटेवर आमच्या गावचा शेतकरी आताईद होता; त्याला जराराका, म्हणजे आमच्याकडचा एक विषारी साप, चावला होता. विषावरची लस टोचून झाली होती, आणि त्याची बायको झुल्मिरा त्याला झापत होती.

"पायाला पट्टा आवळलास, वर उसाची दारू ढोसलीस. कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या बापानं हेच केलं होतं."

"म्हणून तर त्याचा पाय गेला!"

आताईद ओरडायला लागला तशी तिनं त्याला अडवलं. "ओरडू नकोस. विषानं तुझ्या हिरड्यांतून पुन्हा रक्त येईल."

"येऊ दे, माझ्याच हिरड्या आहेत."

नर्स काचेची नळी घेऊन आली.

"सिस्टर, गोठलं का हो याचं रक्त?"

"ही बघा, नळी उलटी केली तरी हलत नाही. काल पाण्यासारखं वाहत होतं. वाचलात, काका."

झुल्मिराला रडू फुटलं. "लस बनवणाऱ्यांचं देव भलं करो."

"घोड्यांचंही करो," नर्स म्हणाली. " त्यांना सापाचं विष टोचतात, मग त्यांच्या रक्तातून लस काढतात."

"आणि विषासाठी साप कोण धरतं?"

"पूर्वी शेतकरीच धरायचे. जिवंत साप लाकडी पेटीत घालून रेल्वेनं लस बनवणाऱ्यांकडे पाठवायचे, बदल्यात गावाला लस यायची."

"जिवंत? असली वेडी माणसं कुठली?"

बाबा खाली बघून हसले.

"त्यातला एक वेडा हा बसलाय," मी म्हणाले. "बाबा, कधी बोलले नाही, पण तुम्ही पेटी घेऊन स्टेशनात शिरायचात ना, तेव्हा तुमच्यामागे चालताना मला राजाच्या मुलीसारखं वाटायचं."