वेगळा ठेवलेला मासा

कुणी सोडला, कुणी सोडला हा मासा मोठ्या टाकीत, असं मिलिंद ओरडत होता, आणि काय सांगू तुम्हाला, असा ओरडत होता की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी गॅस बंद केला, त्यांना वाटलं इमारतीतच काहीतरी फुटलं. मिलिंद म्हणजे माझा मुलगा, एकुलता एक, कॉम्प्युटरवाला. ऑफिसातून नुकताच आलेला, पायात बूट तसेच, गळ्यात ऑफिसचं कार्ड लोंबतंय आणि काचेला नाक लावून ओरडतोय. मी कणीक मळत होते, ती हाताला तशीच चिकटलेली घेऊन बाहेर धावले. आणि आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, सोफ्यावर बसले होते. शांत. एवढे शांत की मला तिथंच धडकी भरली, कारण आबा शांत बसले की समजायचं, काहीतरी करून बसलेत.

म्या सोडला, म्हणाले.

थांबा, आधी आमचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. आम्ही मूळचे वाघोलीचे. आता तिथं नुसत्या इमारती आणि कॉलेजं दिसतील तुम्हाला, पण मी लग्न होऊन गेले तेव्हा दिवेलागणीला कोल्हा दारात येऊन बसायचा, पाहुण्यासारखा, आणि भाकरी टाकली की खाऊन आमच्या म्हशीला नमस्कार करून जायचा. बरं, नमस्काराचं सोडा, पण कोल्हा होता. घर बौद्ध, आबांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. आमचे हे लवकर गेले, मिलिंद तेव्हा माझ्या कमरेएवढा, मग आबाच म्हणाले, रडत बसू नगं, काम बघ. तर मी सदाशिव पेठेत एका सर्जनच्या दवाखान्यात लागले, आधी फरशी पुसायला, मग हळूहळू जखमा पुसायला. ड्रेसिंगवाली बाई म्हणून अख्खी पेठ ओळखायची मला. त्या पेठेत असं गळू नव्हतं जे माझ्या हातून फुटलं नाही. एका क्लासच्या मास्तरांच्या पाठीतलं एवढं मोठं होतं की ते शर्ट दोन मापाचे शिवायचे, त्याला मी चिरा दिलेला पाहून डॉक्टर स्वतः खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी कधी घाबरले नाही. लिहा, कधीच नाही. त्या दिवसापर्यंत.

पुढे पुण्यात कंपन्या आल्या, मिलिंद चिकटला, एकदा परदेशी जाऊन आला, कोथरूडला फ्लॅट घेतला. दोन बाथरूम. माणसं तीन आणि बाथरूम दोन, मला तर पहिले काही महिने कुठल्या बाथरूममध्ये जावं तेच सुचेना. आणि परदेशातल्या ऑफिसात म्हणे एक टाकी पाहिली होती, समुद्राच्या माशांची, तेव्हापासून ते वेड. बरं, साधे मासे नाहीत, खाऱ्या पाण्याचेच पाहिजेत. म्हणजे पुण्यात बसून, बादलीत मीठ कालवून, हा समुद्र करणार! मी म्हटलं, अरे, लोक मीठ भाजीत घालतात. पण ते मीठही वेगळं, खास समुद्राचं, माझ्या डब्यातलं चालत नाही. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, एक कोळंबी, काही दगड. आणि जे आबा म्हणायचे, ही श्रीमंताची थेरं, तेच दिवसभर त्या टाकीसमोर, टीव्ही बंद करून.

मग तो नवा आला. फुलपाखरू मासा म्हणतात त्याला. पिवळाजर्द, ताटलीसारखा चपटा, डोळ्यावरून काळी पट्टी, अगदी काजळ घातल्यासारखा. तो आणला आणि मिलिंदनं त्याला टाकीत नाही सोडला, छोट्या बाथरूममध्ये एक टब ठेवला होता, त्यात मिठाचं पाणी, बुडबुड्यांचा पंप, त्यात सोडला. म्हणाला, नवीन मासा काही आठवडे वेगळाच ठेवायचा असतो, रोग असला तर दिसून येतो.

आबांनी दारातून बघितलं. म्हणाले, हितं? संडासाशेजारी?

आबा, नियम आहे तो, मिलिंद म्हणाला.

आता इथं मी वाढवून सांगत नाही, एवढं एक नाही. आबा शाळेत दाराबाहेर बसून शिकले. पाटी बाहेर, ते बाहेर, मास्तर आत. तहान लागली तर ओंजळ करायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, ओतलं तर. ते आबा कधी सांगायचे नाहीत, माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं. तर ते त्या टबाकडे बघत म्हणाले, आमाला बी नियमच सांगितला हुता. आणि निघून गेले. मिलिंदला काही कळलं नाही, त्याचा फोन वाजत होता.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला, मी दवाखान्यात, आणि आबांनी स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेतली, मासा उचलला आणि चार जणांत नेऊन सोडला. हे असं झालेलं होतं.

तर मिलिंद ओरडतोय आणि आबा म्हणतात, काय क्येलं हुतं त्यानं? आल्या आल्या बाजूला बसवायला? मिलिंद म्हणाला, अहो, जात नाही काढली मी त्याची, आजार बघत होतो! आबा उठले. काठी घेतली. ह्या घरात कुणाला बाजूला बसवणार असशील तर म्या चाललो वाघोलीला.

आणि तिथं मी घाबरले. कारण वाघोलीत होतं काय, एक कुलूप लावलेली खोली. आबांना डाव्या डोळ्यानं काही दिसायचं नाही, उजव्यानं निम्मं. मागं असेच रुसून गेले होते तेव्हा उंबऱ्यात पडले आणि शेजारणीनं बघेपर्यंत तसेच पडून होते. आणि आबांनी म्हटलं म्हणजे करणार, त्यांनी विडी सोडतो म्हटलं तेव्हा तोंडातली विडी अर्धी विझवून टाकली होती.

मी मध्ये पडणार तेवढ्यात मिलिंदचा आवाज एकदम बसला. आई, म्हणाला, इकडे ये. हे काय आहे त्याच्या गालावर?

डोळ्याच्या खाली एक फिकट उंचवटा होता. आबा म्हणाले, तीळ हाय, म्या सकाळपासून बघतोय, शोभतो त्याला. मी चष्मा लावून काचेजवळ गेले. तर त्या तिळाला पाय होते. पाय हो! दोन्ही बाजूंनी ओळीनं, आणि एकेक पाय आकडीसारखा त्या बिचाऱ्याच्या गालात रुतवलेला. शेंगदाण्याएवढा किडा. नको, खारकेएवढा लिहा, माझ्या डोळ्यांना तेव्हा खारकेएवढाच दिसत होता. आणि तो हलला.

मिलिंद कॉम्प्युटरवर बसला, वाचत गेला आणि पांढरा होत गेला. म्हणाला, ही मादी असते. पोटाखाली पिशवी असते, त्यात पिल्लं. ती टाकीत सुटली तर प्रत्येक माशाला धरतील. मग त्यानं कॅम्पातल्या मासेवाल्या भाईंना फोन लावला, तेही म्हणाले, आत्ताच काढा, ओल्या कापडात धरा, चिमट्यानं मागच्या बाजूनं, सरळ ओढू नका, नाहीतर डोळा येईल बरोबर. मिलिंदनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आबांनीही माझ्याकडे बघितलं. अख्ख्या पेठेचं ड्रेसिंग केलेली बाई मी, आणि घरातला चिमटा कुठं ठेवलाय तेच आठवेना.

आबा म्हणाले, किडा काढा. पर मासा परत तिथं एकटा मेला, तर ह्या घरातलं पाणी मला नगं.

म्हणजे आता बघा कसं. मासा मोठ्या टाकीत ठेवावा तर किडा सगळ्यांना खाणार. किडा काढून वेगळा ठेवावा आणि मेला, तर आबा जाणार. आणि तो जगणार की मरणार ते माझ्या चिमट्यावर. असलं ऑपरेशन आमच्या डॉक्टरांनी जन्मात केलं नसेल.

आधी मासा हाती लागेना. दगडामागं शिरायचा. मग दगड काढा, पाणी उपसा, बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, मी धांदलीत तांब्याचा हंडा पुढे केला तर मिलिंद किंचाळला, तांबं नको, कोळंबी मरेल! तेवढं पाणी ओतून दिलं. हॉलमध्ये असा समुद्र झाला की लाटा यायच्या बाकी होत्या. शेवटी दोन जाळ्यांमध्ये कोपऱ्यात सापडला.

बाथरूममधला टब हॉलमध्ये आणला, ओलं कापड तळहातावर घेतलं, मिलिंदनं मासा ठेवला, मी कडा त्याच्या डोळ्यांवर घेतल्या. केवढा हलका, आणि अख्खं अंग धडधडत होतं, कल्ले उघडझाप, उघडझाप. माणसाला मी म्हणायचे, जरा दुखेल हं, दीर्घ श्वास घ्या. याला काय म्हणणार, याचा श्वासच मी काढून घेतलेला. चिमटा लावला. किड्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. हसू नका, बघितलं त्यानं! आणि अजून घट्ट आवळलं. माशाच्या गालाची कातडी ताणली गेली, डोळा हलला, मिलिंद म्हणाला, आई सोड, सोड, आणि मी घाबरून त्याला टबातल्या पाण्यात घातला. कापडासकट. तो आडवा तरंगला. मला वाटलं, संपलं. आबांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

कल्ले हलले. थोडा सरळ झाला. मिलिंद म्हणाला, परत करायला लागेल. मी म्हटलं, माझ्याच्यानं नाही होणार. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असं. तर मागून आबांचा आवाज, कातडीला नगं हात लावू, किड्याच्या पाठीला धर. त्यांना डोळ्यांनी निम्मं दिसत होतं, पण पुढे येऊन त्यांनी ओल्या कापडाची मागची कड धरली. एवढ्या धांदलीत कसं झालं देव जाणे, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण कसं झालं कोण जाणे. किडा मागच्या बाजूनं धरला, जरा वर, जरा मागं, आकड्या एकेक करून सुटल्या आणि सुटला. चिमट्यातून निसटून फरशीवर पडला आणि चालायला लागला. अमेरिका बघून आलेला माझा मुलगा बुटांसकट सोफ्यावर चढला.

आबांनी किड्यावर वाटी पालथी घातली. मग मिलिंदनं तो वाटीत घेऊन उलटा करून बघितला. पोटाखाली पिशवी गच्च भरलेली, पांढरे ठिपके, एकही सुटलेला नाही. आबांनी वाटी डोळ्याजवळ धरून ते ठिपके खूप वेळ बघितले. उकळतं पाणी मीच ओतलं.

तोवर टबात सोडलेल्या माशाच्या गालावर खड्डा, लालभडक. कापसाच्या काडीनं जखमेपुरतं आयोडीन लावलं, डोळ्याला नाही, कल्ल्याला नाही, आणि तो परत त्याच टबात, त्याच बाथरूममध्ये. दुसरी जागाच नव्हती. आबांनी बघितलं, आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

मग मी जी घाबरून राहिले, ती विचारू नका. मिलिंद रोज थोडं पाणी बदलायचा, भाई सांगायचे, जखमेवर कापसासारखं पांढरं धरतंय का बघा, कडा लाल होतायत का बघा. मासा कोपऱ्यात तोंड करून उभा, काही खाईना. आबाही जेवण अर्धं टाकायला लागले. दवाखान्यात मी एका माणसाच्या चांगल्या पायाला पट्टी बांधली, तोही सज्जन, काही बोलला नाही. घरी आले की आधी ते दार उघडायचं, आणि उघडायच्या आधी हात कडीवर तसाच थांबायचा. मेला असेल तर आबांना काय सांगू. आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं, त्यांची पिशवी भरून द्यावी लागणार होती.

आता टाकी मिलिंदची बायको बघते, मला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. पण ती एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. उठले, आबांच्या खोलीत बघितलं तर अंथरूण रिकामं. काठी नाही. चपला नाहीत. गेले म्हटलं, न सांगता गेले, म्हणजे मासा मेला. मिलिंदला हाकही मारली नाही. धावत जाऊन छोट्या बाथरूमचं दार ढकललं.

आबा आत स्टुलावर बसले होते. पायात चपला, फरशी ओली म्हणून. काठी भिंतीला टेकवलेली. मांडीवर पेपर, आणि बोटांत कोळंबीचा बारीक तुकडा. टबात मासा सरळ उभा होता, गालाचा खड्डा फिकट पडलेला, आणि तो वर येऊन तो तुकडा ओढत होता, ओढत होता, आणि गिळला त्यानं. मी दाराची चौकट धरली. मग विचारलं, अहो आबा, मग वाघोलीला कधी निघायचं?

त्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, हितं म्या बसलोय, तू अंघूळ तिकडच्यात कर.