सांडूचा दगड

नाय ताई, ते मोरपीस मी बांधणार नाय. ठेवा ते टेबलावर. तुमच्यावर राग नाय — तुम्हाला इथं येऊन महिना झाला, तुम्हाला काय माहीत. पण मी भिल्ल हाय, कन्नड तालुक्यातला. आमचा बाप पांढरी टोपी घालायचा, मीबी तीच घालतो, अन् ह्या संस्थेच्या बागेला बावीस वर्षं त्याच टोपीत पाणी घातलं. आज आदिवासी सन्मान दिन, म्हणून डोक्यात पिसं — मग रोज कोण होतो मी? बाहेर त्या लेकरांच्या तोंडाला पांढरे ठिपके काढलेत, ते तर बघवत नाय. थुंकावंसं वाटतं. थुंकत नाय — फरशी मलाच पुसावी लागंल.

बसा. मी सावकाश बोलतो, माझं असंच हाय. मोठ्या मॅडम, राजनंदिनी मॅडम, आज स्टेजवरून माफी मागणार म्हणं आमच्या लोकांची. कागद तुम्हीच वाचून दाखवला मघाशी — ‘कळत नकळत काही चुकलं असल्यास’. असल्यास. नाव नाय कुणाचं त्यात. मी सांगू नाव? सांडू. माझा धाकटा भाऊ. इथंच वॉचमन होता, संस्थेच्या ह्या हर्सूलच्या गेटवर. एक दिवस पाण्याची मोटर दिसंना झाली, तर पहिली पिशवी कुणाची उलटी केली — सांडूची. भाकर, कांदा, बिडीचं बंडल, सगळं व्हरांड्यात, बायामाणसांसमोर. अन् तिथूनच हाकलला. मोटर कुठं होती? रिवाइंडिंगला दिली होती, क्रांती चौकात, यांच्याच माणसानं. आठ दिवसांनी आली, बसवली, पाणी चालू. सांडूला कुणी परत बोलावलं नाय. तो मग बोलायचाच बंद झाला, जेवायचा नाय, त्याच उन्हाळ्यात गेला. तवा मॅडम कोण होत्या? व्हय, ह्याच.

तो हॉलमधला दगड बघितला का तुम्ही? घोड्यावरचा माणूस कोरलेला, वरून लाइट सोडलाय, खाली पाटी — ‘आदिवासी लोककला’. लोककला नाय ती. आमच्या घरात माणूस अवेळी गेला की त्याचा दगड उभा करतात शिवेवर, उगवतीकडं तोंड करून, शेंदूर लावून — म्हणजे त्याला जागा मिळाली, आता तो भटकत नाय. हा सांडूचा हाय. त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, पाथरवटाकडून घडवून घेतला. मी म्हणलं घोडा कशाला, सांडू जन्मात घोड्यावर बसला नाय — तर म्हणली, आता तरी बसू द्या. त्याचा शेंदूर यांनी ब्रशनं घासून काढला, साबण लावून. डाग दिसत होते म्हणं. अन् तोंड केलंय संडासाच्या दाराकडं.

कुणी आणला म्हणता?

मी आणला. संस्थेच्या जीपमधी, दोन पायांत धरून. मॅडम म्हणल्या, कडुबा, तुमच्या वस्तीवरचं काही जुनं मिळंल का — अन् माझ्या मनात आलं, ज्या दारातून हाकलला त्याच दारातून आत न्यावं त्याला, दिवसाढवळ्या, लोक बघत असताना. आवडाबाईला विचारलं नाय मी. मला वाटलं, इथं कुणीतरी विचारील हा कुणाचा हाय, मग सांगंन. एवढंच डोक्यात होतं. चार दिवस झाले. येतात, फोटो काढतात, जातात. कुणी विचारलं नाय. तुम्हीबी नाय, ताई. अन् मी तरी कुठं तोंड उघडलं? पिशवी उलटी केली तवाबी मी तिथंच होतो की — हातात पाइप, जास्वंदीला पाणी घालत. घालतच राहिलो. सांडूनं एकदा बघितलं माझ्याकडं. आता किळस येते ती यांची का माझी, मलाच समजंना.

तिकडं आवडाबाईला वाटतंय, बांधाशेजारच्या सर्जेरावनं दगड उपटून फेकला. दोन दिवस त्याच्या दारात बसून होती, पोटात अन्न नाय. तो बिचारा हात जोडतोय, शपथा घेतोय. अन् मी फोनवर तिला काय म्हणलो — बघू, सापडंल कुठंतरी.

आज वस्तीवरच्या बायांना आणायला जीप गेली ना, त्यात तीबी हाय. पुढच्या रांगेत बसवून साडी देणार हायेत तिला. तिला साडीचं काय नाय — मॅडमला सांगून सर्जेराववर तक्रार लिहून घ्यायची म्हणून येतीय. माझ्या भरवशावर. भाऊजी तिथं हायेत म्हणती.

थांबा. जीपचा आवाज आला. व्हय, तीच — हिरव्या लुगड्यातली, सगळ्यांच्या आधी उतरली. नाय ताई, पाणी नको देऊ तिला आत्ता, काही बोलूबी नको — ते मला बोलायचंय. ती हॉलकडंच निघाली. सरक पोरी, वाट दे मला.