नाथाची गोळी

नाशिकच्या एका पोटविकाराच्या दवाखान्यात छाया दाराजवळच्या बाकावर नंबराची वाट बघत बसली होती. बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला निफाडकडचा नाथा आणि त्याची बायको कुसाबाई. नव्या औषधाच्या चाचणीत निम्म्यांना खरी गोळी दिली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण नुसत्या पिठाची. नाथाला कोणती मिळाली, ते आज कळणार होतं.

"माझी खरीच हाय. जळजळ गेली, भाकर पचती."

"मग आत जाऊन इचारा की."

"नगं. पिठाची निघाली तर पुन्हा जळजळ सुरू व्हायची. तूच जा."

कुसाबाई आत गेली. अर्धवट लोटलेल्या दारातून छायाला डॉक्टरांचा आवाज ऐकू आला.

"मावशी, त्यांना पिठाचीच होती. आता खरं औषध देतो, नव्या पाकिटात गोळी पिवळी येते. महिनाभर चुकवू नका."

कुसाबाई बाहेर आली.

"खरी व्हती."

"म्हनलं नव्हतं? बिगर औषधाचा असा गुण येतो व्हय?"

"नाय येत. हे नवं पाकीट. म्हैनाभर घ्यायचं."

नाथाने पाकीट उजेडात धरून मागूनपुढून पाहिलं.

"ही पिवळी हाय. माझी पांढरी व्हती."

"असू द्या की."

"असू द्या काय? ही पिठाची दिसती."