पॅक वाळेपर्यंत

नाही, नाही, आता बोलायचं नाही मॅडम! ओठसुद्धा हलवायचा नाही — पॅक वाळतोय, बोललात की भेगा पडतात, अन् मग लोक म्हणतात सुनंदाच्या पार्लरात गेली अन् तोंड घालवून आली. फक्त मान हलवा, तीही बेतानं. पंखा वाढवू? — वाढवते. सुरतेहून बसनं आलात म्हणजे धूळ बसणारच, त्यात वापीपासून पुढे ट्रकामागे ट्रक. पण मराठी निघालात हे लई बरं झालं! इथं आमलीत दिवसभर ‘आवो बेन’ अन् ‘बैठो दीदी’ करून माझ्या धुळ्याच्या जिभेची पार खिचडी झालीय. ही पिशवी खाली ठेवते हं — माय वो, केवढी जड! नुसत्या फायली. कंपनीत ऑडिटला आलात वाटतं? — नको, नको, सांगू नका, पॅक! चहा सांगितलाय मी दोन कप, तोंड धुवून होईस्तोवर येईल. अन् पहिल्यांदाच आलात ना, म्हणून तुम्हाला सूट.

तर काय सांगत होते — हां, माझी भाची, मधुरा. बाहेरून एम.कॉम. करते. उद्या तिची तोंडी परीक्षा, इथल्याच कॉलेजात. विषय काय, तर वित्तीय बाजार आणि वित्तीय संस्था! नाव ऐकूनच माणूस पाणी मागतो, नाही? पण तसं काही नाही हो त्यात. आता बघा — तुम्ही दुकानातून नवी साडी घेतली, पैसे दुकानदाराला. तीच साडी पुढे तुम्ही मला विकली, तर पैसे तुम्हाला, दुकानदाराला काय? काही नाही. शेअरचं तसंच. कंपनीनं पहिल्यांदा विकला तो प्राथमिक बाजार, तिच्या हाती पैसा आला, तिनं कारखाना काढला. मग आपण एकमेकांना विकत बसतो, तो दुय्यम. मग दुय्यम हवाच कशाला? — हे परीक्षक हमखास विचारतात म्हणे. तर साडी निदान नेसता येते, शेअर काय नेसायचाय? पुढे कुणीतरी घेईल हा भरवसा असेल तरच माणूस आधी हात घालतो! — अन् या सगळ्यावर लक्ष ठेवायला सेबी. ती कुंपण. आता कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? म्हणून ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याकडचा चहासुद्धा प्यायचा नाही — हे माझ्या उत्तरातलं — म्हणजे मधुराच्या उत्तरातलं — सगळ्यात झकास वाक्य.

हसू नका! गालावर रेघ आली बघा. मला एवढं कसं येतं म्हणता? ऐकून ऐकून. म्हणजे — बोलून बोलून. आज सकाळपासून जिला जिला पॅक लावला तिला हेच ऐकवलंय, दुर्गाबेन तर घोरायला लागल्या. पण पॅक लावलेल्या गिऱ्हाइकासारखं ऐकणारं माणूस नाही हो जगात — मध्ये तोंड घालत नाही, नाक मुरडत नाही, चुकलं तरी भुवई उचलत नाही. तिच्यासमोर माणूस कसा धडाधड बोलतो! नाहीतर गेल्या वर्षी — दारापर्यंत गेलेली, सगळं पाठ, अन् आतून पुकारा झाला, ‘सुनंदा जयवंत सोनवणे’, अन् पाय जे मागे फिरले ते थेट रिक्षात —

...

आता अशा टकाटका बघू नका. ऐकलंत म्हणायचं.

बरं, भाचीबिची कुणी नाही. मीच. बी.कॉम. झाले, लग्न झालं, इथं आले, दोरा हाती घेतला, लोकांच्या भुवया कोरत बसले. वाईट नाही हो हे, माझं पोट आहे. पण मला शिकवायचंय. इथल्या जवळच्याच अथालच्या क्लासवाल्यांनी सांगितलंय, तेवढं एम.कॉम. पुरं करा, अकरावीची पोरं तुमच्या हवाली. समोर पोरं बसलीत अन् मी हे साडीचं सांगतेय — रोज दिसतं मला! फक्त ही एक तोंडी आडवी पडलीय. अन् आमचे जयवंतराव — सुताच्या कंपनीत आहेत, माणूस सोनं — गेल्या वर्षी मी परत यायच्या आत साऱ्या गल्लीत पेढे वाटून मोकळे! आता खाल्लेले पेढे कुणाकडून परत मागायचे? महिनाभर मी पाण्याला जाताना मान वर केली नाही. म्हणून यंदा घरात सांगितलंय, दादऱ्याला नवरीच्या मेकअपची ऑर्डर आहे. ते मला गाडीवरून तिथवर सोडणार, अन् मी मेकअपच्या पेटीतली पुस्तकं घेऊन रिक्षानं मागे कॉलेजात. हसा आता, वाळला पॅक. चला, धुऊन घ्या. — हां, आता बोला, काय विचारायचं होतं?

बँक मध्ये कशाला हवी? ज्याच्याकडे आहे त्यानं थेट गरजवंताला का देऊ नये? — अहो, सोपं आहे! मी ओळखते का त्याला? त्याची पत कोण तपासणार? मला माझे पैसे पोरीच्या फीला एकदम परत लागतील, त्याला फेडायला वर्षं हवीत — आमचं जमणार कसं? बँक दोघांची सोय बघते, अन् एक बुडाला तरी माझं एकटीचं बुडत नाही, सगळ्यांत वाटलं जातं. बघा, अडखळले का कुठे? छान प्रश्न काढलात हो, अगदी परीक्षकासारखा —

काय म्हणालात?

उद्या... इथल्या कॉलेजात... तुम्ही?

...

थांबा. पर्स बंद करू नका. सूट रद्द! पुरते पैसे द्या, एक रुपया कमी नको. अन् तो चहा आला ना, त्याला हात लावायचा नाही — दोन्ही कप मी पिणार. कुंपण आहात तुम्ही! नियमात बसत नसेल तर माझी तोंडी दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा, खुशाल सांगा. पण मी येणार. यंदा पुकारा झाला की आत येणार — अन् समोर जे कुणी बसलं असेल, त्यांच्या तोंडावर पॅक आहे असंच समजून बोलणार. तुम्हीच असलात, तर हसू नका हं, भेगा पडतील.

ही घ्या पिशवी. निघा आता, निघा मॅडम — मला अभ्यास आहे.