वाळवी म्हणा नायतर वारूळ

तुमी विचारलंत म्हणून सांगते मास्तर, मी कुंभिवलीची. बाप आमचा रानातली लाकडं पारखायचा, घर बांधायचं म्हटलं की आजूबाजूची माणसं आधी त्याला विचारायची. ऐन घ्या, खैर घ्या, आंब्याचा खांब घालू नका, वाळवी त्याला भाकरीवानी खाते, असं बोलायचा. खांबाच्या बुडाला बिब्ब्याचं तेल फासायचं, खड्ड्यात राख भरायची, हे मला लुगडं नेसायच्या आधीपासून ठावं. आणि लगीन करून दिलं कुठं, तर ज्या घराचा मधला खांबच आंब्याचा. नशीब बघा.

मालक आमचे खोपोलीला जायचे, डोंगरावरनं नळानं पाणी आणून वीज काढायचं काम तवा चाललं व्हतं, तिकडं दगड वाहायला. आठ दिसांनी घरी. घरात मी, दोन लेकरं आणि सासू. पावसात कुडावर मातीच्या रेघा चढल्या की सासूच बोलायची, वाळवी मेली आली बघ, खरवड गं. मी रोज विळ्यानं खरवडायची, राख टाकायची. मग वहिनीच्या बाळंतपणाला पंधरा दिस माहेरी गेले. परत येऊन बघते तर खांबाच्या बुडाशी मातीचा वीतभर ढीग, आणि त्यावर हळदकुंकू.

काय सांगू तुमाला मास्तर, माझं डोकंच फिरलं. गावात एक भगत व्हता, त्याच्या अंगात यायचं, त्याला सासूनं बोलावलेलं. तो बोलून गेला, हे वारूळ हाय, नागोबा तुमचं घर बघून आलाय, हात लावलात तर वंश बुडंल. मी बोलले, आत्याबाई, पंधरा दिसांमागं ही वाळवी व्हती, आज वारूळ कशी झाली? तर बोलली, तोंड आवर.

मग काय, बाया यायला लागल्या. लाह्या आणायच्या, दूध ओतायच्या. वाळवीला पायजे ओल, आणि ह्या माझ्या घरात, माझ्या खांबाला, दूध घालतात. ढीग ढोपराला लागला. मालकांना बोलले तर ते बोलले, आई बोलते तर राहू दे गं. राहू दे. ह्यांचं काय जातं, आठ दिसांतनं एक दिस घरात. मी खांबाला बोट टेकलं, तर बोट आत गेलं. वर सगळं छप्पर त्या खांबावर, आणि खाली माझी लेकरं निजायची.

दुसऱ्या दिशी सासू शेतावर गेली आणि मी पहार घेतली. दार सताड उघडं ठेवून खणलं, चोरी नव्हती ती. खाली नाग नाय, कात नाय. वाळवीची राणी निघाली, अंगठ्याएवढी, पांढरी, लोण्यासारखी. ती मी पळसाच्या पानावर ठेवली, सासू आली तशी पुढं केली, बोलले, आत्याबाई, हा घ्या तुमचा नागोबा. ते बोलायला नको व्हतं. पण बोलले.

खांब बदलायला गावातला एक माणूस आला नाय. भाऊ आला कुंभिवलीवरनं, ऐनाचा खांब घेऊन. सासू घरात शिरलीच नाय. पडवीत चूल मांडली, पडवीत निजली, मरेस्तोवर माझ्या हातचं पाणी नाय घेतलं. सात वरसं. पाऊस आत यायचा तर मी बांबूची तट्टी आडवी बांधायची, ती सोडून टाकायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या साली भगताची बायको माझ्या परसात उभी. पदर तोंडावर. बाय गं, आमच्या माजघरात वाळवी लागलीय, खणून दे, पण मागल्या दारानं ये. गेले मी. बाईचं पण घर असतं ना. बघते तर माझ्यापेक्षा मोठा ढीग, आणि कुंकवाचा ठिपका नाय त्यावर. भगत भिंतीकडं तोंड करून बसलेला. मी पहार टेकली आणि विचारलं, बाबा, हे काय हाय? वाळवी, बोलला. मी बोलले, ऐकू नाय आलं. वाळवी हाय गं बाय, बोलला. मग खणलं.

आता मालक थकलेत, घर उभं हाय. भगताचं पण उभं हाय, राहो, त्याच्या सुना-नातवंडांनी माझं काय केलंय. पण तो एक शब्द त्यानं माझ्या सासूला ऐकू जाईल असा काढला असता, तर म्हातारीनं आपल्या घरात डोळे मिटले असते.